पार्वतीच्या कपाटाचा बॅकअप

मनोरीच्या बंदरावर आजवर जेवढी मासळी उतरली असेल, त्याहून जास्त थापा एकट्या महादू नाखव्यानं उतरवल्या असतील. त्याही ताज्या, फडफडत्या. एकदा म्हणे त्याच्या जाळ्यात अशी सुरमई सापडली की तिला होडीत घ्यायला जागाच नव्हती. मग महादूनं होडीच तिच्या पाठीवर ठेवली, मार्व्यापर्यंत आला, आणि एवढं ओझं आणलं म्हणून तिला सोडून दिलं. ऐकणारा हसला तर महादू रागवायचा नाही. मिशीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "तू व्हतास का तवा तिथं? नाय ना? मग गप ऱ्हा."

पण एका बाबतीत तो थाप मारायचा ती गंमत म्हणून नव्हे, अगदी जीव तोडून. ती बाब म्हणजे पार्वतीचं कपाट.

पार्वती ही त्याची बायको. तिचं लोखंडी कपाट घरातच होतं, आणि अडीनडीला त्यात हात घातला की काही ना काही निघायचंच. समुद्रातही महादूची अशी एक जागा होती. बरीच आत, तळाशी खडकाची कपार, आणि त्या कपारीत घोळ मासा. केव्हाही जाळं टाका, हात रिकामा येणार नाही. म्हणून त्या जागेलाही महादूनं बायकोच्या कपाटाचं नाव दिलं. जागा त्याला बापाकडून मिळाली होती, आणि ती कुठे आहे हे त्यानं पोटच्या पोरालाही कळू दिलं नव्हतं. तिकडे निघाला की तो खलाशांना सक्तीनं झोपायला लावायचा. कोणी विचारलंच तर प्रत्येकाला वेगळी दिशा. मढवाल्याला उत्तरेला पाठवायचा, गोराईवाल्याला दक्षिणेला, आणि अगदीच लोचट भाटीवाल्याला थेट पश्चिमेच्या वाळूत, जिथं तळाला खडकाचा तुकडा नाही आणि खेकडासुद्धा बोअर होऊन परत येतो.

पूर्वी ती जागा सापडायची नजरेनं. एकीकडे कान्हेरीच्या डोंगराचा खांदा, दुसरीकडे मढच्या किल्ल्याचा बुरूज, दोन्ही आपापल्या जागी आले की नांगर टाकायचा. मग बोरिवलीत टॉवर उभे राहिले. एक उभा राहिला की दुसरा त्याच्या शेजारी टाचा उंचावून उभा. डोंगराचा खांदा गेला, कान गेला, शेवटी अख्खा डोंगरच गेला. महादूनं डोंगर पुरता झाकला जायच्या आत एकच शहाणपणा केला. पोरानं, म्हणजे नितेशनं, होडीच्या केबिनमध्ये जुना लॅपटॉप बसवून दिला होता. त्यात समुद्राचा नकाशा होता आणि नकाशावर आपली होडी सरकताना दिसायची. कपाटावर उभं राहून महादूनं त्या नकाशावर एक लाल टिंब टोचून घेतलं. त्या दिवसापासून पार्वतीचं कपाट जगात फक्त त्या टिंबात होतं.

आणि इथं आली सून.

नेत्रा बोरिवलीच्या मालवणी घरातली. आजोबा गिरणीत, बाप बेस्टमध्ये, आणि ही अंधेरीच्या एका ऑफिसात दिवसभर लोकांचे आडवे झालेले कॉम्प्युटर उभे करायची. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं केबिनमधला लॅपटॉप बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, याचा बॅकअप कुठंय?"

"तो काय असतो?"

"कॉपी हो! हा उद्या बंद पडला तर?"

तिचा नियमच होता. एक कॉपी घरात, एक माहेरी, एक ऑफिसात. "घर बुडालं तर बोरिवली आहे, बोरिवली बुडाली तर अंधेरी आहे." महादूला बुडण्याची भीती नव्हती, कॉपीची होती. बोरिवलीत तिचा भाऊ, अंधेरीत तिची मैत्रीण चेतना, आणि त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र! म्हणजे पार्वतीचं कपाट चर्चगेटपर्यंत सताड उघडं.

सुनेला नाही म्हणवेना. मग त्यानं आपल्या स्वभावाला शोभेल असा तोडगा काढला. नेत्रा कॉपी घ्यायला येणार असली की तो आधी केबिनमध्ये जायचा, बोटानं लाल टिंब धरून भलतीकडे सरकवायचा, आणि कॉपी घेऊन ती गेली की नितेशनं शिकवलेला उलटा बाण दाबून टिंब पुन्हा जागेवर आणायचा. घरची कॉपी घेतली तेव्हा टिंब उत्तरेला गेलं. अंधेरीची घेतली तेव्हा दक्षिणेला. बोरिवलीची घेतली तेव्हा थेट पश्चिमेच्या वाळूत. सून खूष, सासरा खूष. तीन-तीन बॅकअप असलेली मनोरीतली ती एकमेव होडी, आणि तिन्ही बॅकअप पक्के खोटे.

असं सगळं छान चाललं असताना सपनाचं लग्न ठरलं.

सपना महादूची धाकटी. नवरा मुलगा गोराईचा केयूर. बैठकीत केयूरचा काका सहदेव नाखवा मांडी ठोकून बसला होता. सहदेव म्हणजे महादूचा जुना दोस्त आणि त्याहून जुना दुष्मन. तो म्हणाला, "हलदीला आमच्या मान्सांना काय खिलवनार, महादू?"

"घोळ!" महादू गरजला. "माझ्या होडीचा, माझ्या जाळ्याचा, पार्वतीच्या कपाटातला. बाजारचा एक काटा जरी पानात पडला, तर ही मिशी उतरवून तुझ्या हातात देईन."

"बघ हां. मग मी येनार होडीत. वरपक्षाचा मानूस. वाटेत कोनाकडून इकत घेतलास तर?"

सगळे हसले. पार्वती हसली नाही. तिनं लग्न झाल्यापासून नवऱ्याला बिनमिशीचं पाहिलं नव्हतं आणि आता या वयात पाहायची तिची तयारी नव्हती.

हळदीच्या आदल्या दिवशी भरतीचं पाणी सकाळी होतं. मनोरीच्या खाडीतून होडी काढायची तर पाणी भरलेलं असताना काढायची, नाहीतर चिखलात बसून बगळे मोजायचे. नितेशनं हळदीची गाणी भरायला म्हणून लॅपटॉप आदल्या संध्याकाळी घरी आणला होता आणि घरच्या वायफायला जोडून ठेवला होता. आता हा लॅपटॉप जन्मभर समुद्रावर राहिलेला. त्याला इंटरनेट कधी माहीतच नाही. वायफायचा वास लागताच इतक्या वर्षांचे उपाशी अपडेट त्याच्यावर एकदम तुटून पडले. सकाळी महादू चहाचा कप घेऊन ओटीवर आला तर पडदा निळाशार, मधे गोल-गोल फिरणारे ठिपके, आणि खाली लिहिलेलं: अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

महादूनं चहा संपवला, मिशी पुसली आणि आत वळला, तेवढ्यात ठिपके थांबले. पडदा काळा झाला. आणि शेजारी मिक्सर घर्र करून सुरू झाला.

"ए बये!" महादू किंचाळला. "त्याच्यावर लिवलंय ना, बंद करू नका!"

"मी कुठं बंद केला?" पार्वती मिक्सरच्या वरचा आवाज काढून म्हणाली. "मी फकस्त वायर काढली. मांडववाल्यानं सगळे प्लग घेतले, मंग मसाला काय तुझ्या डोक्यावर वाटू?"

लॅपटॉपची बॅटरी खाऱ्या हवेनं फुगून नितेशनं केव्हाच काढून टाकली होती. वायर लावली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: दुरुस्तीची तयारी चालू आहे. मग काळोख. मग पुन्हा तीच अक्षरं. पुन्हा काळोख. सहदेव नाखवा नेमका तेव्हाच अंगणात शिरला, डोक्याला लाल रुमाल, हातात डबा.

"चला नाखवा, पानी भरला!"

महादूच्या तोंडचं पाणी मात्र पळालं.

"नेत्रा! अगो बाय, धाव!"

नेत्रा धावली, पण दोन्ही हात हवेत धरून. तिच्या हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी होती. तिनं पडदा बघितला आणि तिचे डोळे असे चमकले की जणू कोणी तिला पुरणपोळी वाढली. ऑफिसात रोज जे काम ती कंटाळत करायची, ते आज घरच्या लगीनघाईत, दोन कोळीवाड्यांसमोर करायचं होतं.

"वाट लागलीय याची," ती आनंदानं म्हणाली. "झकास! अजिबात घाबरू नका. बाबा, बसा इथं. माझे हात तुम्ही. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात निळा पेनड्राइव्ह आहे, तो लावा. आता मी सांगेन ते बटण दाबायचं."

मग काय सांगावं! ओटीभर माणसं जमली. मांडववाला शिडीवरून वाकला. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून जागा झाला. नेत्रा सांगत होती, "खालचा बाण. अजून खाली. एंटर!" आणि महादू जाळ्याच्या गाठी मारणाऱ्या जाड बोटानं कळा दाबत होता. आधी अर्धवट अपडेट मागे घ्यायचा प्रयत्न झाला. लॅपटॉपनं विचार केला, घसा खाकरला आणि नाही म्हणाला. मग जुनं काही वाचतंय का बघितलं. नाही.

"डिस्कचा कचरा झालाय," नेत्रा म्हणाली. "सगळं पुसून नव्यानं टाकायचं. बाबा, 'पुसून टाका'वर जा आणि एंटर."

महादूचं बोट हवेत थांबलं.

"सगळा पुसायचा?"

"सगळा."

"ते... आपला नकाशा पन?"

"नकाशा, टिंब, सगळं. पण काळजी कशाला? बॅकअप आहे ना आपला!"

"आसा घरात बॅकअप तर कसली भीती!" सहदेव मागून म्हणाला. "दाब की, नाखवा. पानी थांबनार नाय."

ओटीवरच्या साऱ्या माणसांत फक्त महादूला ठाऊक होतं की त्या एका कळीखाली त्याच्या बापाची कपार होती. तोंड उघडलं तर सहदेवासमोर कबूल करायचं की आपण स्वतःच्या सुनेला तीनदा फसवलं. नाही उघडलं तर कपाट गेलं, घोळ गेली, मिशी गेली. त्याच्या मिशीची दोन्ही टोकं आपोआप खाली आली. बाहेर खाडीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं.

त्यानं डोळे मिटले आणि एंटर दाबलं.

पडद्यावर टक्के सुरू झाले. नेत्राला राहवेना. तिनं मेंदीचे हात तसेच जोडले आणि माहेरच्या गावी कुठल्याही कामाआधी देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, आज ह्यो लॅपटॉप नव्यान उभो रवतासा. त्याच्या वाटेत जो काय करप्ट फायलीचो, वायरीचो, मिक्सरचो अडथळो असात, तो दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडववाला शिडीवरून ओरडला. तो कणकवलीचा निघाला.

"आनी माझ्या सासऱ्याचा कपाट जसाच्या तसा परत मिळान दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी ओटी दणाणली. सहदेवसुद्धा. महादूचा आवाज तेवढा आला नाही.

लॅपटॉप उठला. चकचकीत, नवाकोरा, जणू आत्ताच आंघोळ घालून टिळा लावलेला. पार्वतीच्या बोंबलाच्या डब्यातून, जिथं चोर कधी हात घालणार नाही, तिथून घरची बॅकअपची डिस्क निघाली. नकाशाचा प्रोग्राम टाकला, कॉपी आत ओतली, आणि निळ्या समुद्रावर लाल टिंब उगवलं.

"आलं!" नेत्रानं उडी मारली. "बघा! म्हणून सांगते, बॅकअप घ्या, बॅकअप घ्या!"

टाळ्या पडल्या. कोणी शिट्टी वाजवली. पार्वतीनं लॅपटॉपवरून मसाल्याचाच हात ओवाळून बोटं मोडली. महादू टिंबाकडे बघत होता. उत्तरेचं टिंब. पक्कं खोटं. इतकं सुंदर खोटं त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

नेत्रा होडीत आली. "पुन्हा पडला तर कोण उभा करणार?" म्हणाली. पार्वती क्षणभर अडखळली, सून होडीत ही गोष्ट त्या घरात कधी झाली नव्हती, पण तिनं नवऱ्याच्या मिशीकडे एकदा पाहिलं आणि सुनेच्या हातात नारळ दिला. होडी खाडीबाहेर पडली, नारळ पाण्यात गेला, सहदेव पुढे वारं खात बसला. इंजिनाच्या धडधडाटात महादू केबिनमध्ये घुसला आणि दार ओढून घेतलं.

"बाय," तो म्हणाला, "एक सांगू? मारू नको."

आणि त्यानं सांगितलं.

नेत्रानं आधी ऐकलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मी तीन वर्षं, तीन ठिकाणी, तुमची थाप सांभाळून ठेवली?"

"तीन येगयेगल्या," महादू जरा अभिमानानं म्हणाला.

"बाबा! ऑफिसात मी लोकांना शिकवते हो! बॅकअप खोटा निघाला तर माणसाला नोकरीवरून काढतात!"

"मना बी काढ. पन आधी कपाट शोध. डोंगर दिसत नाय, बुरजाच्या एकट्याच्या भरवशावर काय सापडायचा नाय. मिशीचा काय घेऊन बसलीस, सपनाच्या सासरी माझा शब्द हाय."

नेत्राची मेंदी वाळली होती, ती तिनं नखानं खरवडून खिडकीबाहेर झटकली. अचानक ती ताठ झाली.

"थांबा. तीन वेगळ्या म्हणालात? कुठंकुठं?"

"येक उत्तरेला. येक दक्षिनेला. येक पश्चिमेला, वालूत."

"आणि किती लांब?"

"बोटानं ढकलला. येवढा." त्यानं बोटाचं एक पेर दाखवलं. "वालूतला तेवढा लांब. तिकडं दोन पेरां."

नेत्रानं फोन काढला. किनारा अजून फार दूर गेला नव्हता, रेंज होती. भाऊ घरी होता, त्यानं बोरिवलीची कॉपी पाठवली. अंधेरीत चेतना डबा खात होती. "हळदीला बोलावलं नाहीस आणि फाइल मागतेस?" असं बोलत बोलत तिनंही पाठवली. लॅपटॉपवर तीन टिंबं उभी राहिली. नेत्रानं उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या टिंबामधून रेघ मारली, तिचा मध्य धरला, आणि पश्चिमेच्या टिंबापासून आत दोन पेरं मोजायला महादूचंच बोट पडद्यावर टेकवलं. दोन्ही खुणा एकमेकींवर अशा बसल्या की झाकणावर झाकण.

"हे तुमचं कपाट!" ती ओरडली. "बाबा, तुमच्या तीन थापांच्या बरोब्बर मधोमध तुमचं खरं बसलंय!"

महादू बघतच राहिला. आपण इतके पद्धतशीर खोटारडे आहोत हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्यानं सुकाणूला असा हात घातला की होडी वळताना सहदेव जवळजवळ पाण्यात गेला.

"काय रं! कशाला येवढा जोर?"

"कपाट! कपाट उघडतंय!"

होडी उडत निघाली. लोक सांगतात की त्या दिवशी महादूच्या होडीनं दोन उडत्या माशांना मागे टाकलं, आणि त्यातल्या एकानं शिवी दिली. ते खरं-खोटं समुद्र जाणे. पण टिंब जवळ आलं, अगदी जवळ आलं, नेत्रा मोठ्यानं अंतर वाचत होती, आणि महादूनं मान वर केली.

समोर तीन होड्या उभ्या होत्या. त्यांची जाळी पाण्यात, झेंडे वाऱ्यावर, आणि एका होडीवर माणसं जेवायला बसलेली. अगदी कपाटाच्या दारात!

महादूनं इंजिन बंद केलं. होडीवरच्या एकानं हात हलवला. "काका! तुमी बी आयलात?"

तो सहदेवाचा पुतण्या होता, केयूरचा धाकटा भाऊ. सहदेवानं लाल रुमाल हळूच डोळ्यांवर ओढला.

"सहदेवा," महादू म्हणाला, "ह्यांना ही जागा कोनी सांगितली?"

"तू."

"मी?"

"सगल्यांना सांगितलीस की! मना दक्षिनेला सांगितलीस, मढवाल्यांना उत्तरेला, भाटीवाल्यांना वालूत." सहदेव आता रुमाल बाजूला करून हसायला लागला. "मागं येकाच्या हलदीला आमी समदे येका पंगतीत बसलो. ज्याला जी थाप मारलीस ती त्यानं सांगितली. मंग पत्रावलीवर भाताची शितां मांडली आनी मधोमध कोलंबी ठेवली. दुसऱ्या दिशी जाऊन जालं टाकला. घोळ!"

"पत्रावळीवर?" नेत्रा किंचाळली. तिला तिच्या लॅपटॉपची, तिच्या रेघेची आणि ऑफिसातल्या नोकरीची एकदम लाज वाटली, आणि लगेच इतकं हसू आलं की ती केबिनच्या दाराला धरून खाली बसली.

"म्हनून मना वर्सोवर्स घोळ कमी मिलायची!" महादू ओरडला. " मी आपला मोठ्या बोटींना शिव्या घालत बसलो!"

"तुझी पयली खेप नेहमी सोडायचो, नाखवा. मान हाय तुझा. यंदा लगीनघाईत तू येशील का नाय, आमाला काय ठाव? पोरं आयली. पन खरा सांगू? आता इथं काय उरला नाय. पोरं सकालपासून बसलीत. येक शेपूट नाय."

आणि खरंच, त्या तिन्ही होड्यांत मासळी म्हणावी अशी एकच होती, आणि ती डब्यातली, तळलेली.

सूर्य कलायला लागला. महादू होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसला. कपाट सापडलं होतं आणि रिकामं होतं. उद्या मांडवात गोराईची माणसं बसतील, पानं मांडतील, आणि सपना बापाच्या तोंडाकडे बघेल. सहदेवही हसायचा थांबला. "जाव दे रं," तो हळू म्हणाला, "इकत घेऊ धक्क्यावर. मी कोनाला सांगनार नाय."

"नको," महादू म्हणाला. "इकतचा नको. मीच थापा मारून मारून..." आणि तो अर्ध्यावर थांबला. त्याची मान वळली. "सहदेवा, तू मघाशी काय बोललास? उत्तरेला जाऊन कोनी बघितला?"

"कोन बघनार? तू सांगितलेलीस ना ती जागा."

"दक्षिनेला?"

"येड लागलंय का?"

"आनी वालूत?"

सहदेव पोट धरून हसला. "वालूत? अरे, तू 'वालूत जा' बोलल्यापास्ना ह्या किनाऱ्यावरचा येक बी शाना मानूस तिकडं फिरकला नाय! इतक्या वर्सांत तिथं कोनी नांगर बी टाकला नसेल!"

महादूच्या मिशीची टोकं हळूहळू वर आली. आधी डावं, मग उजवं.

"नेत्रा! बोरिवलीचा बॅकअप उघड!"

"बाबा, ती तर थाप आहे."

"थाप हाय म्हनूनच! माझी थाप आनी तिच्यावर सगल्यांचा येवढा इश्वास, याहून चांगली राखन घोळीला कुठं मिलनार?"

नेत्रानं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि दोन उड्यांत केबिनमध्ये गेली. तिसरं टिंब पडद्यावर लकाकलं. होडी पश्चिमेला वळली. सहदेव मागून ओरडत होता, वाळूत काय खेकडे गोळा करणार का, पण त्याच्या आवाजातही आता मजा शिरली होती. टिंबावर पोहोचले. जाळं गेलं. मग ते थांबणं! नेत्रा लॅपटॉपला दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू तोच पळून जाईल.

जाळं ओढायला घेतलं तर येईना.

"खडकात अडकला," सहदेव म्हणाला.

"वालूत खडक कुठला?" महादू म्हणाला. "ओढ!"

खलाशांनी ओढलं, सहदेवानं रुमाल कमरेला बांधून ओढलं, नेत्रानं मेंदीच्या हातांनी ओढलं. आणि पाणी फुटलं. पिवळसर पोटाची, चांदीच्या पाठीची घोळ, एक, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आख्खं वऱ्हाड. पहिली होडीत आली तीच एवढी दांडगी की तिच्या शेपटीचा फटका केबिनच्या दारावर बसला आणि लॅपटॉप आपला आपणच बंद होऊन चालू झाला. पडद्यावर अक्षरं आली: अपडेट यशस्वी झाला.

"आता याला काय म्हणायचं!" नेत्रा ओरडली.

"याला म्हनायचा मुलगीवाल्यांचा मान!" महादू ओरडला, आणि सहदेवानं त्याला माशांसकट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी हळदीला गोराईची माणसं जेवायला बसली ती उठेचनात. सपनाच्या अंगावर हळद, पार्वतीच्या तोंडावर तेज, आणि महादूच्या मिशीला तेल. पंगतीत एकच प्रश्न फिरत होता, आणि शेवटी सहदेवाच्या त्याच पुतण्यानं विचारलाच.

"काका, कपाट तर रिकामा होता. मंग ही घोळ कुठची?"

पंगतीतले घास हातातच राहिले. सहदेव महादूकडे बघायला लागला, नेत्रा वाढता वाढता थांबली.

महादूनं मिशीवरून हात फिरवला. भर मांडवात, सगळ्या कोळीवाड्यांसमोर तो म्हणाला, "वालूतली. पश्चिमेच्या. तुमाला मागं सांगितलेली ना, तीच जागा."

मग असा हशा उठला की मांडवाची झालर हलली. मढवाल्यानं भाटीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. "वालूत म्हने!" "नाखवा, सुधारनार नाय तू!" आणि त्याच हशात कोणीतरी हळूच पत्रावळीवर भाताची शितं मांडायला घेतली.

"मी सांगतोय ना, खरा!" सहदेव कळवळून म्हणाला. "मी व्हतो होडीत!"

"तू बी सामील!" म्हणून त्यालाही धपाटे बसले.

नेत्रा वाकून महादूच्या पानात भात वाढत होती. ती कानाशी कुजबुजली, "बाबा, उद्या बॅकअप घेणार आहे. टिंबाला हात लावायचा नाही."

"नाय लावत, बाय," महादू म्हणाला. तो शितं मांडणाऱ्यांकडे बघत होता, ते आता कोलंबी ठेवायला मधली जागा शोधत होते. "घे सरळ. घरी ठेव, बोरिवलीला ठेव, अंधेरीला ठेव. पायजे तर चेतनाला सांग, मांडवाबाहेर मोठ्या अक्षरांत लावून ठेव."